आधी आजी, फाईल नंतर

डॉ. वसुधा मांद्रेकर यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही चार ओळी लिहाव्यात असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इथे मोठमोठे डॉक्टर लिहिणार, बाईंचे विद्यार्थी लिहिणार. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक, घर सांभाळणारी बाई. बाईंच्या शुश्रूषा केंद्राच्या पथकाबरोबर रुग्णांच्या घरी जाते, औषधांचा जमाखर्च लिहिते, एवढाच माझा अधिकार. पण संपादकांनी पुन्हा सांगून पाठवलं की, डॉक्टरांनी काय केलं ते डॉक्टर लिहितील. ज्यांच्या घरी केलं त्यांच्यापैकीही कोणीतरी लिहायला हवं. ते मला पटलं. देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे. काही उणंअधिक झालं तर पदरात घ्यावं.

बाईंची आणि माझी गाठ पडली ती माझ्या सासूबाईंमुळे. सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते म्हणून लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या आणि गिरणी गेल्यावर आमच्याबरोबर घाटकोपरला भटवाडीत आल्या. गाव सुटलं, चाळ सुटली, पण तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री काही सुटली नाही. सकाळी दात घासायला, दुपारी जेवणावर, आणि मग उगीचच. गालाच्या आत पांढरा डाग पडला, त्याची जखम झाली. एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले, वर्षभर बरं गेलं आणि मग दुखणं पुन्हा उलटलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, सेवा करा. सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

शेजारच्या एकांनी बाईंचं नाव सांगितलं. मुलुंडला तेव्हा बाईंची लहानशी खोली होती, बाहेर एक बाकडं, आत टेबल. आत गेल्याबरोबर आमच्या ह्यांनी जाडजूड फाईल पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवून दिली. म्हणाल्या, "आधी आजी. फाईल नंतर." आणि आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आणली, सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

आमच्या घरात तोवर कॅन्सर हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता. सासूबाईंना आम्ही दाढेची जखम म्हणून सांगितलेलं. हे आईच्या पाठीमागे उभे राहून बाईंना हातांनी, भुवयांनी खुणा करू लागले, की काही बोलू नका. बाईंनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाल्या, "भाऊ, खुणा करू नका. मला कळतात, आणि आजींनाही कळतात." यावर सासूबाई हसल्या. अर्धं तोंड हलत नव्हतं तरी हसल्या आणि म्हणाल्या, "तेका वाटता, आवशीक कायेक कळणा नाय." आवस म्हणजे आई. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग बाईंनी विचारलं की आजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? आम्हाला वाटलं त्या दुखण्याचं सांगणार. त्यांनी सांगितलं वासाचं. जखमेला वास येत होता, म्हणून नातवंडं जवळ येत नव्हती. गावाकडची माणसं भेटायला यायची ती दारातच पदर नाकाला लावून उभी राहायची. सासूबाईंनी आपण होऊन खाट गॅलरीत टाकायला लावली होती. आम्ही समजत होतो, त्यांना वारा हवा म्हणून.

त्याच आठवड्यात बाई घरी आल्या. गॅलरीत खुर्ची ठेवली होती ती सोडून सरळ खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुनंदाताई, चहा इथेच आणा." तिथे, त्या वासात, त्यांनी बशीत ओतून चहा प्यायला. सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चहा झाल्यावर बाईंनी मला हात धुवायला लावले आणि जखम कशी धुवायची, एक साधी गोळी कुटून तिची पूड जखमेवर कशी भुरभुरायची ते स्वतः करून दाखवलं. पट्टीसाठी बाजारातून काही आणू का, असं मी विचारलं, तर त्यांनी दोरीवर वाळत असलेल्या माझ्या जुन्या सुती पातळाकडे बोट दाखवलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ, उकळून, उन्हात वाळवून, घड्या घालून पट्टीवरून बांधलं की नाजूक कातडीला त्यासारखं दुसरं काही नाही, हे मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं. मी काही टाकत नाही म्हणून घरात सगळे मला हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. थोड्याच दिवसांत वास उतरला आणि खाट गॅलरीतून परत आतल्या खोलीत, देव्हाऱ्यासमोर आली.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगितल्यावाचून बाईंबद्दल लिहिल्याचं मला समाधान होणार नाही.

वास गेला, पण दुखणं वाढत गेलं. बाईंनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली. ती अफूपासून होते हे कळल्यावर ह्यांनी कानावर हात ठेवले. ह्यांच्या गळ्यात माळ, घरात कोणी बिडीसुद्धा ओढत नाही. माझं कारण वेगळं होतं. सासूबाईंनी आयुष्यभर एकच मागणं मागितलं होतं, की शेवटी मुखात नाव असावं. त्यासाठी त्या रोज दिवेलागणीला जप करायच्या. ऑपरेशननंतर ओठ नीट मिटेनात, त्यामुळे त्यांना 'रा' म्हणता यायचं, 'म' यायचा नाही. मग त्या 'रा' म्हणायच्या आणि माळ ओढता ओढता शेजारून मी 'म' म्हणायची. असा आमचा दोघींचा मिळून एक जप व्हायचा. त्या गोळीने माणूस गुंगीत गेलं, गुंगीतच गेलं, तर जन्माची पुण्याई काय कामाची? मी बाईंना तोंडावर सांगितलं की दुखलं तरी चालेल, पण त्या शुद्धीत हव्यात. त्या बेशुद्धीत गेल्या तर मी वर जाऊन काय तोंड दाखवू?

बाई देव मानत नाहीत. देवळात जात नाहीत, प्रसाद मात्र आवडीने खातात. दुसरे कोणी डॉक्टर असते तर मला अडाणी म्हणून मोकळे झाले असते. बाईंनी विचारलं की दिवेलागण तुमच्याकडे किती वाजता होते, जप किती वेळ चालतो, त्या वेळी आजी बसतात की पडून असतात. हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे लावून दिल्या. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, की सुरुवातीला आजी खूप झोपतील, घाबरू नका. "ती झोप गोळीची कमी, आणि इतक्या दिवसांच्या जागरणाची जास्त असेल." शेवटी हे म्हणाले की आईलाच विचारून काय ते ठरवा. सासूबाईंनी मान हलवली आणि गोळी सुरू झाली.

बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. सासूबाई झोपल्या त्या झोपल्याच. हाक मारली की डोळे उघडायच्या, चमच्याने पेज घ्यायच्या आणि पुन्हा मिटायच्या. दिवेलागण झाली, मी माळ त्यांच्या बोटांत दिली, तर ती बोटांतून घसरून पडली. ती पडलेली माळ बघून माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गोळ्यांची पाकिटं मोरीत टाकायला निघाले. मी त्यांचा हात धरला आणि बाईंना फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. रडले एवढं आठवतं.

बाई तासाभरात रिक्षाने आल्या. सासूबाईंचा श्वास, नाडी, डोळे बघितले. सगळं ठीक आहे म्हणाल्या. ह्यांना ते पटेना. ह्यांचा आवाज चढला. तुमच्या औषधाने माझी आई जिवंतपणी गेली, असंसुद्धा हे बोलून गेले. बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "मी इथे बसते. आजी जाग्या झाल्या की आपण त्यांनाच विचारू. त्या नको म्हणाल्या, तर मी गोळ्या माझ्या हाताने परत घेऊन जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही." चप्पल काढून त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. सकाळपासून जेवल्या नव्हत्या, हे विचारल्यावर कळलं. उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं होतं, तेच वाढलं. केंद्रातल्या लोकांनी फोनवर फोन केले, बाईंनी एकेकाला सांगितलं की मी कामात आहे. काम काय, तर आमच्याकडे बसून राहणं.

दिवेलागणीला मी उदबत्ती लावली आणि मागून आवाज आला, "दिवो लावलंस गो?" सासूबाई डोळे उघडून, उशीला टेकून बसायची खटपट करत होत्या. आम्ही सगळेच धावलो. बाईंनी त्यांच्या पाठीला हात देऊन बसवलं आणि ह्यांच्या देखत, कुठेही आडपडदा न ठेवता विचारलं, की आजी, गोळीने झोप येते. तुम्हाला नावासाठी जागं राहायचं असेल तर गोळी बंद करू या का?

सासूबाईंनी शब्द जुळवत उत्तर दिलं. ते माझ्या काळजावर कोरलेलं आहे. "दुखाक लागला काय देवाचा नाव खंय येता गो? 'आये गे, आये गे' इतक्याच येता."

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतके दिवस आम्ही ज्या शुद्धीला जपत होतो, त्या शुद्धीत नाव नव्हतंच, नुसती कळ होती. हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला, मी माळ दिली, आणि आमचा जप झाला. 'रा' त्यांचा, 'म' माझा. बाई जप संपेपर्यंत बसून राहिल्या. निघताना सासूबाईंनी त्यांना विचारलं, "जेवलंस काय?" पेज जेवले, असं बाईंनी सांगितल्यावर मला ओरडा बसला, की डाक्तरीणबायला कोणी पेज वाढतं का.

पुढे झोप कमी झाली. त्यानंतरचे त्यांचे महिने चांगले गेले, असं मी मुद्दाम लिहिते, कारण अशा दुखण्यात चांगले महिने असतात यावर लोकांचा विश्वास बसत नाही. नातवंडं खाटेवर चढून बसायची. गणपतीत त्यांनी खाटेवरून मला मोदकांच्या कळ्या कशा चुकतात ते सांगितलं. गावाकडच्या वाटणीचं भांडणसुद्धा त्यांनी एका दुपारी दोन्ही मुलांना समोर बसवून मिटवलं.

त्या गेल्या एका सकाळी, झोपेतच. श्वास हळूहळू लांबत गेला. बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही कुठे धावाधाव केली नाही. मी कानाशी बसून नाव घेत होते. त्यांच्या ओठांची हालचाल काही झाली नाही.

बाईंचा एक शिरस्ता आहे. तो केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांना नसेल. माणूस गेल्यावर त्या लगेच भेटायला जात नाहीत. तेरावं होऊन, पाहुणे गेले, की मग जातात. म्हणतात, तोवर घर भरलेलं असतं, खरं रितं नंतर होतं. आमच्याकडेही त्या तशाच आल्या. हे कामावर गेले होते. मी एकटीच होते. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं मी त्यांना विचारलं, की बाई, सगळं झालं तुम्ही म्हणालात तसं, पण शेवटी त्यांनी नाव घेतलं नाही हो.

बाईंनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

मी म्हटलं, कानाशी नाव घेत होते.

"पूर्ण?"

"हो. 'रा' पण मीच म्हटला."

बाई म्हणाल्या, "माणसाला शेवटपर्यंत ऐकू येतं, असं आम्ही मानतो. मग नाव पोचलं की. अर्धं तर तुम्हीच घेत होतात इतके दिवस. त्या दिवशी सगळं घेतलंत."

मला शास्त्रातलं कळत नाही आणि बाईंना देवाधर्मातलं कळत नाही. पण त्या उत्तरानंतर मला शांत झोप लागली. उठता उठता बाईंनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, की या हातांना आता सवय झाली आहे, ती वाया घालवू नका. वाया हा शब्द त्यांनी नेमका माझ्यासाठी निवडला असणार. पुढच्या आठवड्यात मी केंद्रात गेले, ती आजतागायत जाते. जुनी सुती पातळं गोळा करायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे.

तिथे गेल्यावर बाईंचा दुसरा चेहरा दिसला. जिथे आजार बरा होण्यासारखा आहे तिथे बाई प्रेमळ वगैरे काही नसतात. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत तोंड तपासणीचं शिबिर होतं. बायका रांगेत उभ्या, आणि प्रत्येकीची मिश्रीची डबी ब्लाउजात नाहीतर कमरेला. बाई म्हणाल्या, "डबी आहे तिथे राहू दे, तोंड तेवढं उघड." एकीच्या गालात डाग सापडला. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू, मुलीचं लग्न आहे. बाईंनी तिला सगळ्यांसमोर असं काही झापलं की रांगेतल्या निम्म्या बायका पळून जातील असं मला वाटलं. कोणी पळालं नाही. ती बाई त्याच आठवड्यात तपासणीला आली, वेळेवर उपचार झाले, मुलीच्या लग्नात मिरवली. आता त्या वस्तीत दुसऱ्यांच्या डब्या तीच शोधून काढते आणि बाईंपेक्षा जास्त झापते.

आणि जिथे उपाय नाही, तिथे बाई खोटी आशा देत नाहीत. बोरिवलीचं एक कुटुंब वडिलांना आणखी एकदा केमो द्या म्हणून हटून बसलं होतं. बाई म्हणाल्या, "औषध माझ्याकडे आहे. त्याचा त्यांना उपयोग नाही." मुलगा रागाने फाईल घेऊन निघून गेला आणि त्याने दुसरीकडे उपचार करून घेतले. काही आठवड्यांनी तोच मुलगा मान खाली घालून दारात उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता बाई बोलणार. बाईंनी इतकंच विचारलं, की बाबांना झोप लागते का? आणि पर्स उचलून त्याच्याबरोबर बोरिवलीला गेल्या. जातानाही नाही आणि येतानाही नाही, मागचा शब्द त्यांनी काढला नाही. मला हे साधलेलं नाही. मी घरात दहा वर्षांपूर्वीचं बोलणं काढते.

बाईंचे दोषही लिहावेत असं मला वाटतं, नाहीतर त्याच मला खोटारडी म्हणतील. रिक्षावाल्यांशी भांडतात. जेवायचं विसरतात आणि मग आमच्या डब्यात हात घालतात. सभेत भाषण लांबलं की झोपतात, आणि अध्यक्षस्थानी असल्या तरी झोपतात. त्यांच्या सत्काराच्या दिवशी वक्त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी एका घरभेटीहून परतत होतो. त्यांचे गुडघे आता बोलतात, म्हणून उतारावर एका कट्ट्यावर बसलो. पंच्याहत्तरीचा विषय निघाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बाई, तुम्ही तर देव मानत नाही, मग तुमच्या वेळी तुमच्या कानाशी आम्ही काय बोलायचं? विचारल्यावर मीच जीभ चावली. शुभकार्यात असलं लिहू नये, असंही कोणी म्हणेल. पण बाई या विषयाला कधी घाबरल्या नाहीत आणि आम्हालाही घाबरू दिलं नाही. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी कोणाकोणाकडे जाऊन आलात ते सांगा. कोण कोण नीट झोपलं, ते नावानिशी सांगा."

ती वेळ लांब असो, फार लांब असो. तोवर बाईंचे पाय चालते राहोत, हात हलके राहोत, अंगाला कळ न शिवो, भूक लागेल तेव्हा समोर ताट असो. आणि आम्हा सगळ्यांच्या हातून अशी नीट झोपलेली माणसं इतकी होवोत, की नावं घेता घेता आम्हीच थकून जाऊ आणि बाई म्हणतील, पुरे, बाकीची उद्या सांगा.